अभावप्रकरण आणि साहेबांची दुपारची झोप

बालकाला झोपवणे ही क्रिया मानावी की घटना, याविषयी शास्त्रात कोठेही निर्णय आढळत नाही. क्रिया म्हणावी तर तिचा कर्ता ठरत नाही. कारण झोपवणारा घामाघूम झालेला असतो आणि झोपणारा प्रसन्न चित्ताने त्याचा चष्मा चाखत असतो. घटना म्हणावी तर ती कधीतरी घडावी लागते. माझ्या नातवाच्या बाबतीत ती घडत नव्हती, आणि ती घडण्यावर माझ्या उर्वरित आयुष्यातील दुपारी अवलंबून होत्या.

नातवाला घरात सर्व जण 'साहेब' म्हणत. वर्ष पुरे व्हायला अवकाश असताना हा मान त्यांना मिळाला तो केवळ गुणांवर. ते कोणाशी बोलत नसत, बोट दाखवून कामे सांगत, आणि सांगितलेले काम झाले की तिकडे न पाहता ती वस्तू जमिनीवर टाकून देत. महाविद्यालयात न्यायशास्त्र शिकवत असताना असे प्राचार्य मी पुष्कळ पाहिले. पण त्यांना दात तरी होते.

सूनबाई पुलांचे आराखडे करणाऱ्या एका कार्यालयात आहेत. त्यांची रजा संपत आली तेव्हा घरात प्रश्न उभा राहिला, की दिवसभर साहेबांकडे पाहायचे कोणी? आमची सौभाग्यवती त्या वेळी लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेलेली होती आणि तिथला मुक्काम लांबणार होता. चिरंजीवांनी सुचवले, की बाळाला रोज सकाळी विहीणबाईंकडे पोचवावे आणि संध्याकाळी आणावे. विहीणबाई याच गावात, पण दुसऱ्या टोकाला राहतात. मी म्हणालो, "आजोबा घरात असताना बाळ दुसरीकडे का?"

चिरंजीव सूनबाईंकडे पाहू लागले. कोणत्याही कठीण प्रश्नाचे उत्तर ते तिकडे पाहून देतात.

"बाबा," सूनबाई सौम्यपणे म्हणाल्या, "खायला तुम्ही घालाल, खेळवाल, सगळं कराल. पण दुपारी तो झोपला नाही ना, तर संध्याकाळी घर डोक्यावर घेतो. आणि आईकडे तो झोपतो. तुमच्याकडे झोपतो का, ते महिनाभर बघू. नाही झोपला तर मग आईकडे."

म्हणजे परीक्षा होती. मी आयुष्यभर परीक्षा घेतल्या. देण्याचा प्रसंग निवृत्तीनंतर यावा, ही नियतीची थट्टा होय. आणि प्रतिस्पर्धी कोण, तर विहीणबाई. त्या सरकारी लेखापरीक्षक होत्या. दुसऱ्याच्या कामात आक्षेप काढावा आणि त्याबद्दल पगार घ्यावा, अशी ती नोकरी. निवृत्तीनंतर पगार थांबला. आक्षेप थांबले नाहीत. माझ्याविषयी त्यांचे मत त्यांनी लग्नाच्या बोलणीतच सांगून टाकले होते: "व्याही विद्वान आहेत, तेवढं सोडलं तर घर चांगलं आहे."

सौभाग्यवतीला दूरध्वनी केला. ती म्हणाली, "तो कान ओढायला लागला, डोळे चोळायला लागला की लगेच आडवं करा. ती वेळ चुकवू नका. अंधार करा, पंखा लावा. आणि त्याला काही शिकवायला जाऊ नका, एवढं केलंत तरी पुष्कळ."

उपदेश उत्तम होता. परंतु साहेब दिवसभरच कान ओढत. स्वतःचे नव्हे, माझे. त्यामुळे योग्य वेळ कोणती हे समजेना. समोरच्या घरातील दंतवैद्यांनी मिक्सर चालू ठेवण्याचा सल्ला दिला. एकसुरी आवाजाने मुले झोपतात म्हणे. रिकामा मिक्सर फिरवला. साहेब आनंदाने उड्या मारू लागले आणि मिक्सर जळाला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आईची वापरलेली ओढणी पाळण्याजवळ ठेवायला सांगितली. ओढणी पाहताच साहेबांना आईची आठवण झाली आणि आधी जे नुसते जागे होते ते आता दुःखी होऊन जागे राहिले. काकूंचे म्हणणे पडले, की ओढणी धुतलेली असावी. धुतलेली ओढणी ठेवली. ती साहेबांनी खाल्ली. पूर्ण नव्हे, पण टोक गेले. इमारतीचे सचिव म्हणाले, "रडू द्यायचं. थोड्या वेळानं झोपतातच." त्यांना स्वतःला मूलबाळ नाही. ज्याला मूल नाही त्याचे बालसंगोपनाचे सिद्धांत विलक्षण निर्दोष असतात.

मग मी माझ्या शस्त्रागाराकडे वळलो. कंठस्थ असलेली वृत्तबद्ध स्तोत्रे, मंद्र स्वरात, डोळे मिटून म्हटली. डोळे उघडले तेव्हा साहेब टाळ्या वाजवत होते. रसिकता रक्तात असावी; पण त्या दुपारी तिचा उपयोग नव्हता.

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे. गेली कित्येक वर्षे मी 'अभावविमर्श' नावाचा ग्रंथ लिहीत आहे. विषय वरवर सोपा आहे. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला दिसते. पण जी वस्तू नाहीच, ती नसलेली दिसते कशी? नसणे हाही एक पदार्थ मानावा काय? यावर प्राचीनांनी सूक्ष्म विचार केला, आणि त्यांनी जे शिल्लक ठेवले त्यावर मी केला. ग्रंथ छापण्यास अद्याप कोणी पुढे आलेले नाही. एका प्रकाशकांनी हस्तलिखित परत करताना "वाचकांचा अभाव" असा शेरा मारला होता. त्यांना वाटले, विनोद केला. मला वाटले, विषय समजला.

परीक्षेच्या दुसऱ्या आठवड्यातील एका दुपारी मी पूर्ण हताश झालो होतो. साहेब पाळण्यात बसून पायाचा अंगठा तपासत होते. मी त्यांचा नाद सोडला आणि चौथे प्रकरण शुद्ध करायला घेतले. शुद्धीकरण करताना मी मोठ्याने वाचतो; सवय आहे. "येथे पूर्वपक्षी असे म्हणतो की, घटाभावाचे ज्ञान हे प्रत्यक्ष नसून अनुमानजन्य होय, कारण इंद्रियाचा संबंध सत् वस्तूशीच संभवतो..." असे करत वाक्य संपवले, जे संपायला थोडा वेळ लागतो, आणि वर पाहिले. साहेब आडवे झाले होते. मुठी सैल होत्या. श्वास संथ होता.

झोप. शुद्ध, निर्विकल्प झोप.

आनंद आधी झाला. अपमान नंतर आला, जसे धक्क्यानंतर दुखणे येते. योगायोग असेल म्हणून दुसऱ्या दिवशी पद्धतशीर प्रयोग केला. वर्तमानपत्र वाचले: साहेब जागे. सूनबाईंच्या कार्यालयाचा अहवाल वाचला, ज्यात केवळ खांब आणि भार होते: साहेब जागे, किंबहुना उत्सुक. चौथे प्रकरण वाचले: परिच्छेदाच्या मध्यावर झोप. जेथे चौथे प्रकरण तेथे झोप. जेथे ते नाही तेथे झोप नाही. कार्यकारणभाव सिद्ध करण्याची ही रीत मी अनेक पिढ्यांना शिकवली होती. ती माझ्यावरच उलटावी, हे शास्त्राच्या निःपक्षपातीपणाचे लक्षण आहे, पण सुखद नाही.

संध्याकाळी सूनबाईंना वृत्त सांगितले. त्यांचा चेहरा उजळला. चिरंजीव मात्र जेवता जेवता म्हणाले, "नवल नाही. तुमचे विद्यार्थी भेटले की हेच सांगतात."

"काय सांगतात?"

चिरंजीव सूनबाईंकडे पाहू लागले.

माझ्यातील ग्रंथकार त्या रात्री जागा झाला. सकाळी मी चौथे प्रकरण सुधारायला बसलो. जेथे नुसते विवेचन होते तेथे दोन पंडितांचा वाद घातला. एकाला तापट केले, दुसऱ्याला कुत्सित. वाक्ये तोडली. दुपारी ते साभिनय वाचले. साहेब उठून बसले, पाळण्याचा कठडा धरून उभे राहिले आणि तापट पंडिताच्या वाक्यांना हुंकार देऊ लागले. असा श्रोता मला जन्मात लाभला नव्हता. संध्याकाळी त्या श्रोत्याने जेवणाची वाटी भिंतीवर फेकली आणि झोपेविना लालबुंद होऊन इतका आक्रोश केला, की सचिवांनी वर येऊन रडू देण्याविषयीचे आपले मत मागे घेतले.

"बाबा," सूनबाईंनी विचारले, "तुम्ही त्यात काही बदल केलात का?"

"किंचित परिष्कार केला."

"मग तो काढा ना."

"सूनबाई, ग्रंथ आहे तो."

"आधीचाच छान होता. कुणालाही झोप लागली असती."

नातू की ग्रंथ, असा तो प्रश्न होता. मी दोन्ही पंडितांना प्रकरणाबाहेर काढले. पुढे तर, हे लिहिताना संकोच होतो, साहेबांना दात येऊ लागले आणि झोप चाळवू लागली, तेव्हा मी एका परिच्छेदात तळटीपा वाढवल्या. गुण आला.

अशा गोष्टी इमारतीत लपत नाहीत. दंतवैद्य एके दुपारी आपल्या दीड वर्षाच्या मुलीला खांद्यावर टाकून दारात उभे राहिले. "सर, दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणतो, घरी हिला मिट म्हणून सांगतो. तेवढं ते तुमचं वाचून दाखवता का?"

"ते माझं म्हणजे काय?"

"ते घड्याचं."

मी वाचले. मुलगी झोपली. दंतवैद्यही झोपले, आणि दवाखान्यात एक रुग्ण तोंड उघडून त्यांची वाट पाहत राहिला. त्यानंतर वरच्या काकू आपली नात घेऊन आल्या, तिसऱ्या मजल्यावरचे जुळे आले. आमच्या दिवाणखान्यात गाद्या पसरल्या गेल्या. कोणी विषय विचारला नाही. एका मातेने मात्र जाताना काळजीने विचारले, "सर, हे संपणार नाही ना इतक्यात?" ग्रंथाविषयी इतकी आस्था प्रथमच व्यक्त झाली होती, तिचा हेतू तपासण्याचे मी टाळले.

मग सचिवांची सूचना आली. राहत्या घरात परवानगीवाचून पाळणाघर चालवणे नियमाला धरून नाही. संबंधित कार्यालयाचे पत्र आणावे, अन्यथा गाद्या उचलाव्यात. मी कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या लिपिकाने शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे तुम्ही वाचता आणि ते झोपतात."

"स्थूलमानाने, हो."

"मग पाळणाघर की व्याख्यानगृह?"

"त्यात भेद कसा करतात?"

"लहान झोपली तर पाळणाघर. मोठी झोपली तर व्याख्यानगृह. तुमच्याकडे दोन्ही झोपतात म्हणता. अशी सोय नाही आमच्याकडे." त्यांनी मला दुसऱ्या खिडकीकडे पाठवले, तिने तिसरीकडे, आणि तिसरीवरचे गृहस्थ जेवायला गेले होते. त्यांच्या खुर्चीवर कोट होता, टेबलावर चष्मा होता. केवळ ते नव्हते. अभावाचे इतके स्वच्छ उदाहरण मी ग्रंथात दिलेले नाही. सायंकाळपर्यंत त्याचे निरीक्षण करून परतलो. गाद्या उचलल्या गेल्या. सभेत पुन्हा एकटे साहेब उरले.

परंतु या गाजावाजाने वार्ता विहीणबाईंपर्यंत पोचली. महिना संपत आला होता. त्यांचा दूरध्वनी आला. "उद्या आणि परवा दुपारी येऊन बसते, व्याहीबुवा. नोकरीत तपासणीला न सांगताच जायचे मी नेहमी, पण नात्यात ते बरं दिसत नाही."

पहिल्या दिवशी त्या खुर्चीत ताठ बसल्या. मी वाचले, साहेब झोपले. त्या झोपल्या नाहीत. हे मला खटकले, कारण आजवर सर्व प्रौढ झोपले होते. त्या साहेबांकडे पाहत नव्हत्या; माझ्याकडे पाहत होत्या, जसे कोणी कपाट उघडण्यापूर्वी कुलपाकडे पाहते. जाताना म्हणाल्या, "चांगलं वाचता. एका सुरात. आवाज कधी चढत नाही का तुमचा?"

"वाद असल्याशिवाय नाही," मी अभिमानाने म्हणालो. मूर्ख माणूस आपल्या दाराची किल्ली अशी स्वतः हातात देतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांचे डोळे जड होत आले होते. पापण्या मिटत, उघडत, मिटत. मी वाचत होतो: "म्हणून ज्या डोळ्यांनी घडा दिसतो, त्याच डोळ्यांनी घड्याचे नसणेही साक्षात् दिसते..."

"एक मिनिट, व्याहीबुवा."

मी बोट ओठांवर ठेवले.

"हळूच विचारते. वस्तू नाही, हे समोर दिसतं म्हणता. लगेच दिसतं."

"निःसंशय," मी कुजबुजलो.

"मग माझी मुलगी सकाळी ऑफिसला जाते. हा दिवसभर हसतो, खेळतो, तुमचा चष्मा खातो. रडत नाही. आणि संध्याकाळी ती दारात दिसली की भोकाड पसरतो. म्हणजे आई नाही, हे त्याला आई नसताना दिसलं नाही, आई आल्यावर दिसलं. तर तुमचा तो अभाव नक्की दिसतो कधी? वस्तू नसताना, की वस्तू परत आल्यावर?"

चौथ्या प्रकरणावर आलेला हा पहिला आक्षेप होता. इतक्या वर्षांत कोणी 'हं' सुद्धा म्हटले नव्हते. विचारी माणसाने या वेळी मान डोलावून पुढे वाचले असते. पण ज्याने वाळवंटात जन्म काढला त्याला पाणी दाखवून 'पिऊ नकोस' म्हणण्यात अर्थ नसतो.

"हा आक्षेपच मुळी चुकीच्या पायावर उभा आहे," मी म्हणालो.

"कसा?"

"कसा म्हणजे? रडणे हे ज्ञानाचे लक्षण नव्हे. ते दुःखाचे लक्षण आहे. ज्ञान आधी झालेले असू शकते!"

"असू शकतं की आहे?"

मी उभा राहिलो. हस्तलिखित मेजावर आपटले. प्राचीनांची नावे घेतली, त्यांच्या प्रतिपक्ष्यांची घेतली, नंतर प्रतिपक्ष्यांना नावे ठेवली. विहीणबाई अधूनमधून फक्त "बरं", "मग?" एवढेच म्हणत होत्या, पण ते 'मग' अशा ठिकाणी पडे, की माझा स्वर एकेक पायरी चढत गेला. पाळण्यातून हुंकार आला, मग किंकाळी. नेमक्या त्याच वेळी, आपली आई आली आहे म्हणून कार्यालयातून लवकर निघालेल्या सूनबाई कुलूप उघडून आत आल्या. साहेबांनी त्यांना पाहिले आणि घसा असा मोकळा सोडला, की खालच्या मजल्यावरची दारे उघडली.

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. उदाहरण समोर चालू होते.

निर्णय त्याच संध्याकाळी झाला. सूनबाई मला काही लागेल असे बोलल्या नाहीत. चिरंजीवांनी पाहायचे तिकडे पाहिले. सोमवारपासून साहेब सकाळी विहीणबाईंकडे जाऊ लागले.

पहिला दिवस, सत्य सांगायचे तर, सुखाचा गेला. कान कोणी ओढला नाही. चष्मा नाकावर राहिला. आक्षेपाचे खंडन करणारी पाने मी एका बैठकीत लिहिली आणि ती निर्दोष होती. घरात साहेब नाहीत, हे मला ठाऊक होते. त्याचा काही विशेष त्रास झाला, असे म्हणता येणार नाही. मग संध्याकाळ झाली, दार उघडले आणि सूनबाईंच्या खांद्यावर साहेब दिसले. एका पायात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता. त्यांनी बोट दाखवून माझा चष्मा मागितला. मला एकाएकी असे काही झाले, की मी 'हात धुऊन येतो' म्हणून आत गेलो आणि बराच वेळ हात धूत राहिलो.

बाहेर आल्यावर मी दिवसभरात लिहिलेली पाने फाडली.

दोन-तीन दिवसांनी दुपारी दूरध्वनी वाजला. पलीकडे कर्कश रडणे होते, आणि त्यापलीकडून विहीणबाईंचा आवाज.

"व्याहीबुवा, जेवण झालं का?"

"झाले."

"हा झोपत नाही हो. आधी झोपायचा, आता नाही. सगळं करून झालं. मिक्सरही लावला."

"जळाला का?"

"हो. तर ते... ते तुमचं चौथं प्रकरण घेऊन याल का इकडे, दुपारचं?"

मी सूड घेण्यास पूर्ण समर्थ होतो. घेतलाही असता; पण रडणे कानात होते. "येईन. पण आधी एक विचारतो. खरे सांगा. त्या दिवशी आक्षेप खरा होता, की मला भडकवायला काढलात?"

"आक्षेप खराच होता," विहीणबाई म्हणाल्या. "वेळ तेवढी मी निवडली. आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नाही."

तेव्हापासून रोज जेवण झाले, की मी हस्तलिखित काखेत मारून गावाच्या त्या टोकाला जातो. अर्धे पान वाचले, की साहेब झोपतात. मग विहीणबाई खुर्ची जवळ ओढतात आणि वाद सुरू होतो. तो कुजबुजत करावा लागतो, कारण पाळणा हाताच्या अंतरावर असतो. मेज आपटता येत नाही, उभे राहता येत नाही, प्राचीनांची नावे घेऊन दरारा बसवता येत नाही. त्यांचा दरारा कुजबुजीत बसतच नाही. या वयात मला केवळ मुद्द्यांच्या बळावर लढावे लागत आहे, आणि हा माझ्यावर होत असलेला धडधडीत अन्याय आहे.